गाण्याचा क्रमांक

आमच्या धाकट्या बंधूंचा नातू दिवाळीच्या सुटींत पुण्याहून धाराशिवास आला, कीं घरांत दोन शब्दकोशांची झटापट सुरू होते. गेल्या दिवाळींत तो कानांत बोंडें घालून ओसरीवर मान डोलवीत बसला होता. "काय ऐकतोस रे?" असें मीं विचारतांच त्यानें एक बोंड काढून माझ्या कानास लाविलें. गिटारींचा कल्लोळ, ढोलाचा धांवता ठोका आणि त्यांवर शाळेंतून नुकत्याच सुटलेल्या वात्रट पोरांनीं ओरडावें तसे दोन आवाज, एवढें मला कळलें.

"आजोबा, हे ब्लिंक-१८२ चं 'ऑल द स्मॉल थिंग्ज'. ह्याला पॉप पंक म्हणतात. हे सिंगल २००० साली अमेरिकेत सहाव्या नंबरला गेलं होतं आणि इंग्लंडमध्ये दुसऱ्या."

"सहावा नंबर? आणि उत्तरपत्रिका कोणीं तपासल्या?"

माजघरांत हंशा पिकला. नातू मात्र गंभीर होता. "पेपर कोणी तपासत नाही, आजोबा. किती विकलं आणि रेडिओवर किती वाजलं, ते मोजतात."

माझा प्रश्न थट्टेचा होता खरा. पण रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तोच प्रश्न माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. कारण मीं स्वतः एकदां एका गाण्यास शून्य गुण दिले होते. ती हकीकत पुढें येईलच. तत्पूर्वीं हें गाण्यांना क्रमांक लावण्याचें प्रकरण आहे तरी काय, हें वाचकांस सांगावयास हवें.

'सिंगल' हा शब्द आमच्या कानास नवा, वस्तु मात्र जुनी. सिंगल म्हणजे एकटें विकावयास काढलेलें एक गाणें. आमच्या आजोबांच्या वेळची मिनिटास ७८ फेरे घेणारी तबकडी ही दुसरें काय होती? एका बाजूस सुमारें तीन मिनिटें, दुसऱ्या बाजूस तितकींच. त्यांत गायकानें आपला सर्व जीव ओतावयाचा. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जान यांचा आवाज मुद्रित झाला तेव्हांपासून ह्या तीन मिनिटांच्या बंधनानें आमच्या गाण्याचा आकारच बदलून टाकिला. विदर्भांतील मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांचें 'रानारानांत गेली बाई शीळ' हें गीत जी. एन. जोशी यांनीं १९३० नंतरच्या वर्षांत तबकडीवर आणिलें आणि नाटकांतलें नव्हे, कीर्तनांतलें नव्हे, असें स्वतंत्र भावगीत मराठी घरांत शिरलें. आमच्या घरीं ती तबकडी होती. परांडा तालुका तेव्हां निजामाच्या राज्यांत आणि बार्शी इंग्रजी मुलुखांत. मध्यें करोडगिरीचा नाका. आजोबांनीं तबकडी बार्शीहून धोतराच्या घडींत गुंडाळून आणिली होती, असें आमच्या आत्या सांगत. तिचा क्रमांक कितवा, हें त्यांस कोणीं विचारिलें असतें तर त्यांनीं, "आमच्या घरीं एकच आहे," असें उत्तर दिलें असतें.

क्रमांकाची कल्पना पुढची. १९५२ सालच्या नोव्हेंबरच्या १४ तारखेस लंडनच्या 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' ह्या पत्रानें तबकड्यांच्या खपाची इंग्लंडांतील पहिली यादी छापली. त्या पत्राचा एक माणूस वीसेक दुकानांना टेलिफोन करून कोणत्या तबकड्या अधिक खपल्या हें विचारी आणि बेरीज मांडी. इतक्या साध्या उद्योगांतून पुढें केवढा व्यापार उभा राहिला! अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' पत्राची शंभर गाण्यांची प्रसिद्ध यादी १९५८ च्या ऑगस्टमध्यें निघाली. नातवानें सांगितलेला सहावा क्रमांक तो तिच्यांतला. पण लंडनच्या त्या यादीनंतर तीन आठवडे भरण्याच्या आंतच, ३ डिसेंबर १९५२ रोजीं, सिलोनच्या नभोवाणीवरून आमच्याकडेही असाच एक प्रकार सुरू झाला आणि तो आम्हां खेडुतांच्या घरांतील बुधवारची रात्र घेऊन बसला. तो म्हणजे 'बिनाका गीतमाला'.

ह्या गीतमालेस आपल्याच एका मराठी गृहस्थाचा अप्रत्यक्ष आशीर्वाद होता, ही गोष्ट मला नेहमीं मौजेची वाटते. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ सालीं केंद्राचे नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीताविषयीं त्यांची निष्ठा निर्विवाद. परंतु चित्रपटगीतांविषयीं त्यांची नापसंतीही तितकीच कडक, आणि त्या काळांत आकाशवाणीवरून तीं गीतें जवळजवळ हद्दपार झालीं. लोकांनीं काय केलें? कांटा फिरविला आणि समुद्रापलीकडचें सिलोन लाविलें. निवेदक अमीन सयानी तेव्हां विशीचे होते. आरंभीं कार्यक्रम अर्ध्या तासाचा. सात गाणीं वाजवावयाचीं आणि श्रोत्यांनीं त्यांचा लोकप्रियतेचा क्रम ओळखून पत्रानें कळवावयाचा. पहिल्या खेपेस नऊ हजार पत्रें आलीं आणि वर्षभरांत आठवड्याचा आकडा पांसष्ट हजारांवर गेला, असें सयानी स्वतः सांगत. पुढें पत्रें मोजणें अशक्य झालें, तेव्हां दुकानांतील खप आणि श्रोत्यांच्या मंडळांचीं मतें यांवरून क्रम ठरूं लागला. दिल्लीस शहाणपण आलें तें १९५७ च्या ऑक्टोबरमध्यें. विविध भारती निघाली. पण तोंवर सयानींचा आवाज घरचा झाला होता. २० फेब्रुवारी २०२४ रोजीं ते निवर्तले तेव्हां आमच्या आळींतील दोन वृद्धांनीं एकमेकांस टेलिफोन करून सांत्वन केलें.

माझा जन्म १९६० चा. म्हणजे मीं गीतमाला ऐकिली ती तिच्या भरभराटींत. आमच्या वडिलांस चित्रपटगीतांचा तिटकारा. बुधवारीं आठाच्या सुमारास ते रामरक्षा मोठ्यानें म्हणावयास बसत आणि आम्ही मुलें धाकट्या काकांबरोबर गोठ्याशेजारच्या खोलींत ट्रँझिस्टरला चिकटत असूं. सिलोन स्पष्ट ऐकूं येई असें नाहीं. आवाज जवळ येई, लांब जाई, मध्येंच शिट्टी वाजे. तरी काकांनीं एका जुन्या वहींत प्रत्येक आठवड्याची यादी क्रमवार लिहून ठेविली होती. गाणें खालच्या 'पायदाना'वरून वर चढलें कीं ते बाण काढीत. उतरलें कीं दुसरा बाण. वर्षअखेरच्या कार्यक्रमाआधीं आमच्यांत पैजा लागत. १९७५ सालीं वर्षाचें पहिलें गाणें ठरलें तें 'रोटी कपडा और मकान' मधील महागाईचें. काका म्हणाले, "ह्या वर्षीं महागाई पहिली येणार, हें आम्हांस वाण्याच्या दुकानींच कळलें होतें." वडिलांनीं रामरक्षेच्या मध्येंच हंसूं दाबलें, हें मीं पाहिलें.

त्या वहीच्या एकाही पानावर मराठी गाणें नव्हतें, ही गोष्ट मात्र तेव्हां माझ्या ध्यानांत आली नाहीं. गीतमाला हिंदी चित्रपटांची, तेव्हां तसें होणें साहजिक. तक्रार करण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. पण ह्यांतून एक गोष्ट मनांत नकळत रुजली कीं, ज्यास क्रमांक नाहीं तें गाणें कोणी ऐकत नसावें. वास्तविक त्याच वर्षांत आमच्या भागांतील जत्रांतून, लग्नांतून जें वाजत होतें तें निराळेंच होतें. पुढें कॅसेटींचें युग आलें. मंगळवेढ्याच्या प्रल्हाद शिंदे यांचीं भक्तिगीतें आणि त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांचें तें पोपटाचें गाणें गांवोगांव घुमूं लागलें. एस. टी. स्थानकावर, तुळजापूरच्या यात्रेंत, हातगाडीवर कॅसेटी विकल्या जात. त्यांतल्या कितीएक तर नकला. ह्या विक्रीचा हिशेब कोण मांडणार? मोजणारा माणूस जेथें टेलिफोन करूं शकतो तेथलीच लोकप्रियता यादींत येते. हें मला वयाच्या साठीनंतर समजलें.

आतां २०१६ सालाकडे येतों. त्या वर्षीं २९ एप्रिल रोजीं 'सैराट' हा चित्रपट लागला. दिग्दर्शक नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यांतील जेऊरचे. आमच्या परांड्याच्या आणि करमाळ्याच्या मध्यें सीना नदी आहे. पलीकडच्या तीरावर शेतांत हाक मारली तर ती अलीकडे ऐकूं यावी, इतके आम्ही शेजारी. चित्रपट तिकडेच चित्रित झाला. संगीत अजय व अतुल गोगावले ह्या बंधूंचें. पुणे जिल्ह्यांत वाढलेल्या ह्या दोघां भावांनीं ह्या चित्रपटाच्या संगीतासाठीं अमेरिकेस जाऊन लॉस एंजलिस येथील सोनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत पाश्चात्त्य वाद्यवृंद घेतला, ही गोष्ट तेव्हां वृत्तपत्रांतून गाजली. पण ज्या गाण्यानें महाराष्ट्र हलविला तें वाद्यवृंदाचें नव्हतें. वरातीच्या ठेक्याचें होतें. तें 'झिंगाट'. दोघां भावांनींच तें गाइलें. बार्शीच्या चित्रपटगृहांत लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढें नाचूं लागले. ठिकठिकाणीं असेंच घडल्याचें वाचलें. शंभर कोटी रुपयांहून अधिक मिळकत करणारा हा पहिला मराठी चित्रपट ठरला. त्या वर्षींच्या गणेशोत्सवांत दुसरें गाणें ऐकूं आलें असेल तर तें आरतीचें. आणि ह्या वेळीं मोजणाऱ्यास टेलिफोन करण्याची गरज नव्हती. प्रत्येक खेडुताच्या हातांतील मोबाइल हाच मोजणारा झाला होता. गाणें कोट्यवधि वेळां पाहिलें गेल्याचा आंकडा गाण्याखालींच दिसे. काकांची वही आपोआप लिहिली जात होती म्हणाना.

येथें माझ्यांतील जुना संस्कृत शिक्षक थोडा वेळ घेणार आहे. ज्यांस व्याकरणाचा कंटाळा असेल त्यांनीं पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

'झिंगाट' हा शब्द कोठला? मराठींत 'आट' ह्या शेंपटाचीं दोन कुळें आहेत. एक कडकडाट, चमचमाट, घमघमाट यांचें, हीं नामें. दुसरें सुसाट, भन्नाट यांचें. हीं विशेषणें, आणि बहुतेक वेगाचीं किंवा अनावरपणाचीं. 'झिंग' पासून 'झिंगाट' हें दुसऱ्या कुळांतलें. 'सैराट' हें 'सैरावैरा' चें भावंड, आणि दोन्हींच्या मागें संस्कृत 'स्वैर' उभा असावा असें मला वाटतें. गंमत अशी कीं, पाणिनीनें 'आट' असा एक प्रत्यय सांगितला आहे आणि त्यापासून 'वाचाट' होतो, म्हणजे वायफळ फार बोलणारा. प्रत्ययांतच नापसंती भरलेली! तो आणि हा एकच, हें सिद्ध करणें माझ्या आवांक्याबाहेरचें. पण वैयाकरणांस ज्याची नापसंती त्याचेंच लोकांना वेड, एवढें साम्य मात्र स्पष्ट आहे.

मी त्या वेळीं आमच्या तालुक्यांतील एका शाळेंत नोकरीस होतों. निवृत्तीस दोन वर्षें उरलीं होतीं. डिसेंबरांत स्नेहसंमेलन. सातवीच्या मुलांनीं दिलेल्या यादींत पहिल्याच ओळींत 'झिंगाट' होतें. मीं लाल पेन्सिलीनें तें खोडलें आणि त्या जागीं एक संस्कृत समूहगीत लिहिलें. कारण विचारावयास एकच मुलगा आला. हलगी उत्तम वाजवी. शुद्धलेखनांत मात्र बेताचा. "गुरुजी, ते गाणं का काढलं?" मीं म्हटलें, "भाषा अशुद्ध आहे." तो क्षणभर घोटाळला आणि म्हणाला, "पण गुरुजी, ती बोली तर आपलीच हाय की."

मी "आपलीच आहे की, असें म्हण," असें त्यास सुधारिलें.

तो "आपलीच आहे की" म्हणाला आणि गेला. समूहगीत झालें. मुलांनीं तें पाठ म्हटलें. एकही उच्चार चुकला नाहीं, आणि पालकांच्या रांगेंत निम्मे लोक बोलत बसले होते.

चाळीस वर्षें मी वह्यांतील 'व्हतं' खोडून 'होते' लिहीत आलों. तें काम चुकीचें होतें असें मी आजही म्हणणार नाहीं. प्रमाणभाषा आली नाहीं तर त्या मुलास तहसील कचेरींतला साधा अर्जही दुसऱ्याकडून लिहवून घ्यावा लागतो. ती शिकविणें शिक्षकाचें कर्तव्यच. पण त्यास भाषा देण्यासाठीं त्याची भाषा काढून घेण्याची आवश्यकता होती काय, हा प्रश्न मीं स्वतःस कधीं घातला नव्हता. तो एका गाण्यानें घातला.

चित्रपट मीं पाहिला तो त्यानंतर, सुनेच्या आग्रहानें, घरीं बसून. पाहिल्यावर आणखी एक गोष्ट उमगली. पाटलाची मुलगी आणि मासेमाऱ्याचा मुलगा यांची ती कथा आहे. 'झिंगाट' वाजतें तें पाटलाच्या घरच्या वाढदिवसाच्या रात्रीं. सारें गांव नाचत असतें, तीं दोघेंही नाचतात, आणि त्याच रात्रीं तीं पकडलीं जातात. तेथून पळापळ, मारझोड, हैदराबादची वस्ती आणि शेवटीं तें भयंकर मरण. आमच्या आजोबांच्या पिढीस हैदराबाद म्हणजे राजधानी. दाद मागावयाची तर तेथें. हीं पोरें तेथें दाद मागावयास नव्हे, लपावयास जातात. म्हणजे ज्या गाण्यावर आम्ही आमच्या लग्नांतून नाचतों तें जातीबाहेरच्या प्रेमाच्या नाशाच्या उंबरठ्यावरचें गाणें आहे. पत्रिका आणि गोत्र पाहून जमविलेल्या लग्नाच्या वरातींत तें वाजावें, ह्यांतला विनोद ज्यांनीं तें रचिलें त्यांच्या ध्यानांत आला असेलच.

पुढें २०१७ सालीं चित्रपटाचा कानडी अवतार निघाला, २०१८ सालीं 'धडक' ह्या नांवानें हिंदी. हिंदींत 'झिंगाट' ची चाल तीच, ठेका तोच, शब्द मात्र नवे. माझें मत विचाराल तर हिंदींत तें गाणें आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून आल्यासारखें वाटतें. देशभर वाजलें हें खरें. त्यानंतर आणखी एक मजल झाली. जळगांव जिल्ह्यांतील संजू राठोड यांचें 'गुलाबी साडी' हें २०२४ चें गाणें चित्रपटांतलें नव्हे, नाटकांतलें नव्हे. निव्वळ एकटें निघालेलें सिंगल, आजोबांच्या तबकडीसारखें. शब्द मराठीच ठेवून तें परप्रांतांतल्या पोरांच्या तोंडीं गेलें. पुण्याच्या आमच्या नातवानें तें मला त्या दिवाळींत ऐकविलें आणि त्याच्या कोणत्या यादींत कितवा नंबर होता हेंही सांगितलें. मीं तो आंकडा वहींत टिपून घेतला नाहीं, म्हणून येथें देत नाहीं.

आतां राहिली ती शून्य गुणांची गोष्ट. २०२३ च्या डिसेंबरांत आमच्या पुतणीचें लग्न धाराशिवास झालें. त्याच वर्षीं जिल्ह्याचें नांव सरकारदफ्तरीं उस्मानाबादचें धाराशिव झालें होतें आणि निमंत्रणपत्रिकेवर कोणतें घालावें, यावर घरांत दोन दिवस वाद झाला होता. श्रीवंदनाची वरात निघाली. पुढें बेंजो पार्टी: गाडीवर कर्णे, दोन ढोल, आणि एक विशींतला तरुण कीबोर्डावर. 'झिंगाट' सुरू झालें होतें. पुण्याची पोरें, आमच्या सुना, साऱ्या नाचत होत्या. मी मागून हळूहळू येत होतों. गर्दींतून पुढें झालों तों गाणें एकदम थांबलें. ढोल एक-दोन ठोके पुढें गेले आणि तेही थबकले. घोड्यानें मान हलविली.

कीबोर्डावरचा तरुण खालीं उतरला आणि माझ्या पायां पडला. हलगी वाजविणारा तो सातवींतला मुलगा.

"का थांबलास?" मीं विचारिलें.

"तुम्हाला चालत नाही ना, गुरुजी, हे गाणं." 'हाय' म्हणाला नाहीं, 'नाय' म्हणाला नाहीं. सात वर्षें झालीं होतीं, तरी माझ्यापुढें तो शुद्ध बोलत होता.

आमच्या सौभाग्यवती, बंधु, पाहुणे, सारे माझ्या तोंडाकडे पाहत होते. नवरदेवाच्या मामांस वाटलें कांहीं देण्याघेण्याचें भांडण झालें. ते लगबगीनें पुढें येऊं लागले.

"वाजव," मीं म्हटलें.

तो माझ्याकडे बघत राहिला. गुरुजी थट्टा करतात कीं काय, हें तो ताडून पाहत असावा. मग गाडीवर चढतां चढतां वळून त्यानें विचारिलें, "पहिल्यापासनं?"

"पहिल्यापासनं," मीं म्हटलें.

वरात देवळापर्यंत पोंचावयास त्यानंतर पाऊण तास लागला.